तोफेच्या टेकडीवरची रेघ

"जागेवर उभं ऱ्हावा. पाय उचलू नका."

हवालदार माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. पाय मी आधीच उचललेला होता, आणि तो पुढे ठेवायची तर हिंमत होईना. त्यामुळे सरकारी नोकरीत जेमतेम दोन महिने झालेला मी मुळशीच्या धरणावरच्या एका टेकडीवर भर दुपारी एका पायावर उभा राहिलो. समोर फरशीवर चुन्याची पांढरी रेघ होती. रेघेपलीकडे एक ठेंगणी दगडी कोठी होती, तिला जाड सागवानी दार होतं, आणि दारात खाकी अर्धी चड्डी आणि वर बंडी घातलेला, पन्नाशी ओलांडलेला एक काटकुळा माणूस उभा होता. त्याच्या हातात काठीसुद्धा नव्हती. नुसत्या आवाजावर त्याने मला थांबवलं होतं.

"खिशात काडीपेटी हाय?"

"आहे."

"बुटाला खिळं?"

मी तोल सांभाळत बुटाचा तळ पाहिला. होते.

"मग मागं घ्या त्यो पाय."

मी पाय मागे घेतला आणि जरा घुश्शातच विचारलं, की आत आहे तरी काय. "काय न्हाई. धा वर्सं रिकामं हाय," ते म्हणाले. माझा चेहरा पाहून त्यांनी पुढे विचारलं, "कोठार रिकामं हाय म्हून रेघ पुसायची व्हय?" या प्रश्नाला मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. पुण्याच्या पेठेत वाढलेल्या माणसाला उत्तर न सुचणं ही मोठीच नामुष्की, त्यामुळे तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे.

त्यांना सगळा मुलूख हवालदार म्हणत असे. कागदोपत्री त्यांचं नाव मी वाचलेलं आहे, पण ते नाव घेऊन हाक मारताना मी कुणाला ऐकलं नाही, त्यांच्या बायकोलासुद्धा नाही, तेव्हा मीही ते लिहीत नाही. मूळचे ते शेजारच्या मुठा खोऱ्यातले. लढाईच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून तोफा मांडल्या होत्या, त्यांतल्या एका तोफेवर ते होते. मुंबईचे दिवे मुळशीच्या पाण्यावर जळतात. पाण्यावर उतरणारं शत्रूचं विमान या तळ्यात येऊन उतरलं तर काय, अशी धास्ती कुणा वरच्या साहेबाने घेतली, आणि किनाऱ्यावरच्या दोन तोफा बैल आणि माणसं लावून या टेकडीवर ओढून आणल्या. त्यांच्याबरोबर हवालदार आले.

विमान काही आलं नाही. लढाई संपली, पलटण गेली, एक तोफ उतरवून नेली. दुसरी नेताना गाड्याचा आस मोडला, तेवढ्यात पाऊसकाळ आला, आणि ती राहिली ती राहिलीच. जाताना गोऱ्या साहेबाने हवालदारांच्या हातात एक कागद दिला. पुढील हुकूम होईपर्यंत जागा सांभाळावी, एवढंच त्यात होतं. तो कागद बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असे, आणि मी सोडून आणखी किती जणांना त्यांनी तो दाखवला असेल देव जाणे. पुढचा हुकूम कधीच आला नाही. देशावर दुसरं राज्य आलं, हुकूम देणारे बोटीत बसून गेले, आणि हवालदार टेकडीवर जागा सांभाळत बसले. दाणे मुठ्याहून, भावाच्या शेतातून येत. बाकी भागवायला चार शेळ्या होत्या.

तळ्याला ते तळं म्हणत नसत. दर्या म्हणत. तळ्याच्या कडेला किनारा म्हणत. मुंबईला चार वर्षं आणि इथे दीड वर्ष, एवढा काळ ते पाण्यावर डोळे लावून बसले होते आणि शत्रूवर एकही गोळा त्यांनी टाकला नव्हता. यावरून खालच्या वस्तीतली माणसं त्यांची थट्टा करत. "हवालदार, दसऱ्याला येक बार तरी काढा की." हवालदार शांतपणे सांगत, "वाजली न्हाई म्हंजी काम झालं." यात त्यांना विनोद वाटत नसे. मला वाटायचा, पण त्यांच्यासमोर हसायची सोय नव्हती.

तोफेला महिन्यातून दोनदा करंजेल लावायचं. तिच्या तोंडाला जांभळीच्या लाकडाचं बूच होतं, ते त्यांनी स्वतः तासलेलं. रेघ दर पंधरवड्याला नव्याने ओढायची, त्यासाठी चुना पौडाहून आणायचा. आणि रोज सकाळ-संध्याकाळ दर्यावर जे दिसेल ते वहीत लिहायचं. जाड पेन्सिलीने, एक शब्द एका ओळीत मावेल न मावेल अशा अक्षरात ते लिहीत. एकदा मी ती वही चाळली. "एक होडी. दोन माणसं. एक बोकड." दुसऱ्या दिवशी, "तीच होडी. बोकड नाही." तिसऱ्या दिवशी, "काही नाही. पाणी ठीक."

बायको त्यांच्याहून चांगली आठ-दहा वर्षांनी लहान, अंगाने आडवी आणि जिभेने सडेतोड. मी तिला मावशी म्हणत असे. तिचं माहेर धरणात गेलेलं. टेकडीवरून ती मला बोट करून दाखवी, "त्यो काळा पट्टा दिसतोय न्हवं, तितं आमचं आंगन. माजं माहेर पान्याखाली, आन् ह्ये त्याच पान्याला पहारा द्येत्यात." हवालदार ऐकून न ऐकल्यासारखं करत. खालच्या वस्तीत निम्मे लोक बुडालेल्या गावांतलेच होते. ते टेकडीवर फारसे येत नसत, याचं हेही एक कारण होतं. मावशी म्हणे, ह्येंचं टकुरं दगडाचं हाय. पण त्याच टकुऱ्याच्या माणसासाठी ती जुन्या घोंगड्या फाडून सपाता शिवायची. कोठारात जायचं तर पायात घोंगडीच्या सपाता, दुसरं काही चालत नसे. खिळा नाही, नाल नाही, चाकू नाही, कमरेचा पट्टा नाही. कोठाराची किल्लीसुद्धा पितळेची होती आणि ती काळ्या दोऱ्यात हवालदारांच्या गळ्यात असे.

आता मी तिथे कशाला गेलो होतो ते सांगतो. ती टेकडी पाडायला गेलो होतो. म्हणजे टेकडी नव्हे, तिच्यावरचं बांधकाम. लढाईच्या काळातली सरकारी बांधकामं मोजायची, निरुपयोगी असतील ती पाडून दगड खालच्या रस्त्याला लावायचा, असा हुकूम होता, आणि त्या भागाचा ओव्हरसियर मी होतो. तोफेचा चौथरा, भिंती, कोठार, सगळा दगड घडीव. ठेकेदाराने तो आधीच डोळ्यांनी मोजून ठेवला होता. फायलीत एकच फट होती. एखादं बांधकाम जपून ठेवण्यालायक आढळल्यास तसा शेरा डेप्युटी इंजिनिअर साहेबांनी स्वतः पाहून द्यावा, असं त्यात म्हटलं होतं.

हे हवालदारांना सांगायला मला तीन फेऱ्या लागल्या. सांगितलं तेव्हा ते तोफेला तेल लावत होते. फडकं हातात तसंच राहिलं. त्यांनी विचारलं, "सायेब कवा येनार?"

"पाऊस उघडला की."

"काय बगनार?"

"जागा नीट आहे का, कशी राखली आहे, ते."

"मग बगू द्या की," ते म्हणाले आणि पुन्हा तेल लावू लागले. पण त्या आठवड्यात वहीत तीन दिवसांची पानं कोरी होती. दहा वर्षांत पहिल्यांदा, असं मावशीने मला खालच्या आवाजात सांगितलं. दोघांना जायला दुसरी जागा होती, मुठ्याला भावाचं घर होतं. पण भावाच्या घरी जाऊन हवालदार कोण होणार होते?

मुळशीचा पाऊस ज्याने पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही. भादव्यात रस्त्याचं काम निम्मं थांबलं आणि सुरुंगाची दारू ठेवायला कोरडी जागा उरली नाही. ठेकेदाराच्या झोपडीत पोती ओलावू लागली. टेकडीवरचं कोठार मात्र आतून ठणठणीत होतं. मीच सुचवलं, आणि हवालदार तयार झाले. मला वाटलं होतं आढेवेढे घेतील. त्यांनी फक्त अटी घातल्या. पोती फळ्यांवर ठेवायची. सुरुंग पेटवायच्या कॅपा आतल्या लहान खोलीत, दारूपासून वेगळ्या, मध्ये बंद दार. आत जाणाऱ्याने रेघेवर सगळं लोखंड आणि काड्या काढून ठेवायच्या. सुरुंगवाले आधी हसले, मग कंटाळले, मग मुकाट्याने सपाता चढवू लागले. त्या दीड महिन्यात हवालदारांची पाठ ताठ झालेली मी पाहिली. दहा वर्षं रिकामं असलेलं कोठार भरलं होतं.

मीही बदललो होतो. टेकडीवर पाय ठेवताना आता खिशातली काडेपेटी आपोआप बाहेर यायची. साहेबांसाठी एक बारीकसा नकाशा करावा, त्यात चौथरा, भिंती, कोठार सगळं मापासकट दाखवावं, म्हणजे जागा राखायच्या बाजूने जरा वजन पडेल, असं माझ्या मनात आलं. चांगल्या हेतूने मी जेवढी घाण केली आहे तेवढी वाईट हेतूने कधीच केली नाही.

पाहणीच्या आदल्या दिवशी चुना संपला. साहेब येणार आणि रेघ फिकट, हे हवालदारांना सोसेना. ते पौडाला निघाले. निघताना क्षणभर घुटमळले, मग गळ्यातला काळा दोरा काढून किल्ली माझ्या हातात ठेवली. मावशी भाकरी थापत होती, ती थापायची थांबून बघत राहिली. ती किल्ली त्यांच्या गळ्यातून निघालेली तिनेही पाहिली नसावी.

"मापं घ्या तुमची. पोत्यांस्नी हात लावू नका," ते म्हणाले. "सांजच्या आत येतो."

मी सपाता घातल्या. पट्टा काढला, काडेपेटी काढली. तेवढं सगळं नियमाने केलं, हे मला आजही सांगावंसं वाटतं. पण मागच्या भिंतीला पोती लागली होती आणि भिंतीचं माप मिळेना. मी एक पोतं ओढलं. फळीची कड की दगडाचा कोना, कशाला तरी ते अडकलं आणि खालून उसवलं. सुर्र असा आवाज झाला. दारू फरशीवर ओघळली. मी घाईघाईने ओंजळीने भरून परत आत घातली, पोतं उलटं केलं, रुमालाने तोंड बांधलं. राहिली ती हाताने गोळा करू लागलो, पण ती फरशीच्या सांध्यांत गेली होती. दगड काळा, दारू काळी. उजेडाकडे तोंड करून पाहिलं तरी काही दिसत नव्हतं, बोट फिरवलं तर खरखर लागत होती. मी सपाता झटकल्या, दार लावलं, खाली जाऊन तळ्यात हात धुतले.

हवालदार दिवस असतानाच आले. खांद्यावर चुन्याची पिशवी होती.

"समदं ठीक?"

"ठीक," मी म्हणालो.

त्यांनी किल्ली गळ्यात घातली आणि चुना कालवायला बसले. दार उघडून पाहिलं नाही. मी ठीक म्हणालो होतो ना. का नाही सांगितलं, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं आहे. सांगितलं असतं तर त्यांनी सगळी पोती बाहेर काढून फरशी धुतली असती, उद्याची पाहणी विस्कटली असती, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मी त्यांना घाबरलो. उद्या साहेब बघून जातील, मग सावकाश सांगू, असं ठरवून मी खाली उतरलो. मागे वळून पाहिलं तर मावशीने चूल पेटवली होती. कोठारापासून त्यांची झोपडी चाळीस पावलांवर होती.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला जीप आली. डेप्युटीसाहेब, त्यांच्यामागे ठेकेदार, त्यामागे दोन मुकादम. साहेब वाईट माणूस नव्हता. दौऱ्याने दमलेला होता एवढंच. टेकडी चढून आल्यावर तो खूश झाला. तोफेवरून हात फिरवला, हाताला लागलेलं तेल हुंगून पाहिलं, बूच काढायला लावलं, आत डोकावला. हवालदार अटेन्शनमध्ये उभे होते. ठेकेदाराचा चेहरा उतरत चालला होता आणि माझा उजळत. साहेबाने सिगरेट पेटवली आणि म्हणाला, "चला, कोठार बघू."

हवालदार झपाझप पुढे झाले आणि रेघेपलीकडे जाऊन दारात उभे राहिले. दार उघडं होतं. रेघ पांढरीशुभ्र होती.

"शिगरेट, काडीपेटी आन् बूट हितं काढा, सायेब."

साहेब हसला. "आत आमचीच दारू आहे ना? बांधलेल्या पोत्यांत आहे ना?"

"व्हय."

"मग मी काय पोत्यात सिगरेट खुपसणार आहे?"

"रेघ हाय, सायेब."

मुकादमांनी एकमेकांकडे पाहिलं. ठेकेदार साहेबाच्या कानाशी लागला, "मी म्हटलं नव्हतं? डोक्याने गेलाय तो." साहेबाचं हसू मावळलं. चार माणसांत एक चड्डीवाला म्हातारा बूट काढायला सांगतो, ही गोष्ट आता कुठे त्याच्या ध्यानात आली असावी.

झोपडीच्या दारातून मावशी कळवळून म्हणाली, "अवो, आजच्या दिस जाऊ द्या की. येवढ्यानं जागा ऱ्हाईल आपली."

हवालदारांनी मान वळवली नाही. त्यांना कळत नव्हतं असं नाही. समोरचा माणूस एक शेरा मारील आणि महिनाभरात इथे खड्डा असेल, हे त्यांना आम्हा सगळ्यांहून जास्त कळत होतं.

"ओव्हरसियर, याला बाजूला घ्या," साहेब म्हणाला.

मी दोन पावलं पुढे झालो. साहेबाने तेवढ्यात रेघ ओलांडली. बुटाचा खिळा फरशीवर करकरला. हवालदार एक पाऊल मागे सरून उंबऱ्यावर उभे राहिले आणि दोन्ही हात चौकटीला लावले. त्यांच्या पायाखालची फरशी मी पाहत होतो. काळीभोर, स्वच्छ दिसणारी. काल सपाता झटकल्या त्या मी नेमक्या इथेच, उंबऱ्यापाशी झटकल्या होत्या. हवालदार नियमासाठी उभे होते. नियमापलीकडचं काही आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते तिथे फक्त मला ठाऊक होतं. साहेबाच्या बोटांत सिगरेट होती, तिची राख बोटभर लांबली होती, आणि तो दुसरं पाऊल टाकायच्या बेतात होता.

"साहेब, आत दारू सांडलीय."

हा आवाज माझाच होता, पण मला तो ओळखू आला नाही.

"काय?"

"फरशीवर. सांध्यांत आहे. उंबऱ्यापाशीही असेल. काल माझ्या हातून सांडली. मी कुणाला सांगितलं नाही."

मग हवालदारांचा आवाज आला, पहिल्या दिवशी मी ऐकला होता तोच.

"जागेवर उभं ऱ्हावा, सायेब. पाय उचलू नका."

साहेब उभा राहिला. हवालदार हलक्या पावलांनी पुढे आले, ओंजळ करून सिगरेटखाली धरली, राखेसकट ती साहेबाच्या बोटांतून काढून घेतली आणि रेघेबाहेर चुन्याच्या बादलीत बुडवली. चर्र झालं. मग परत येऊन ते साहेबाच्या पायाशी उकिडवे बसले आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडू लागले. नाडीची गाठ आवळली होती, सुटायला वेळ लागला. साहेबाने त्यांच्या खांद्यावर हात टेकला. एक पाय उचलून बुटातून बाहेर काढला, मग दुसरा. मोजे घातलेला साहेब उलट पावली रेघेबाहेर आला. बूट तिथेच राहिले, ते हवालदारांनी दोन्ही हातांनी सरळ वर उचलून आणले. फरशीला घासू दिले नाहीत.

"पानी," ते म्हणाले. मावशी घागर घेऊन आधीच धावली होती.

फरशी धुऊन निघायला तास गेला. सांध्यांतून काळं पाणी वाहत होतं आणि साहेब ते बघत बसला होता. मग त्याने आपण होऊन सपाता मागितल्या आणि आत गेला. फळ्या पाहिल्या, कॅपांची वेगळी खोली पाहिली, पोत्याला बांधलेला माझा रुमालही पाहिला. बाहेर येऊन तो बराच वेळ तोफेच्या चौथऱ्यावर सपाता घालूनच बसला. ठेकेदार काहीतरी बोलायला गेला, त्याला त्याने हाताने थांबवलं. फाईल मागून घेऊन शेरा लिहिला: "जागा अत्यंत जबाबदारीने राखलेली आहे. पाडू नये."

मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुम्ही इथे नकोत. बदलीचं मी बघतो." त्यात राग नव्हता.

आठवड्याने बदलीचा कागद आला. निघण्याआधी मी टेकडीवर गेलो. रेघेच्या अलीकडे उभा राहिलो आणि माफी मागितली. जागा वाचली, साहेबाने शेरा दिला, तेव्हा हवालदार पाठीवर हात ठेवतील अशी आशा मनात होती, हे लपवत नाही.

"सांडली त्येचं काय न्हाई," ते म्हणाले. "माज्या हातनं बी सांडलीया, मुंबैला. तवाच सांगितलं, धुतलं, झालं. तुमी सांगितलं न्हाई. मी इच्यारलं, तुमी ठीक म्हनला. त्या सांजंला हिनं चूल पेटवली, हितं चाळीस पावलांवर." मग म्हणाले, "आता तुमी रेघंच्या आत यायचं न्हाई."

"कधीपर्यंत?"

"फुडला हुकूम हुईस्तवर."

दहा-अकरा वर्षं गेली. फिरत फिरत मी पुन्हा पुण्याला आलो तो त्याच डेप्युटीसाहेबाच्या खुर्चीवर. टेबलावर जुनी फाईल आली. मुळशीची तोफेची जागा कायमची जपायची, कुंपण घालायचं, फलक लावायचा, असा प्रस्ताव होता. त्यासाठी अधिकाऱ्याने पाहणी करून छापील तक्ता भरायचा होता. त्यात एक रकाना होता, "बांधकाम आतून तपासले." तो भरला नाही तर फाईल परत येणार, आणि परत आलेली फाईल पुन्हा वर जाईलच अशी आमच्या खात्यात खात्री नसते.

मी जीप खाली ठेवली. बूट, पट्टा, काडेपेटी जीपमध्येच काढली आणि कॅनव्हासचे जोडे घालून ड्रायव्हरबरोबर वर चढलो. तोफ तशीच होती, तेलाने काळी चकचकीत. रेघ ताजी होती. हवालदार पार वाळले होते, डोळ्यांत पडदा आला होता. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले, उत्तरं ड्रायव्हरनेच दिली. काडीपेटी? न्हाई. खिळं? न्हाई. त्यांनी खुंटीवरच्या सपाता काढून माझ्यापुढे ठेवल्या.

"हवालदार, ओळखलंत का?" मी म्हणालो. तेवढं बोललो नसतो तर आत गेलो असतो.

आवाजाने त्यांनी ओळखलं. खाली वाकून सपाता उचलल्या आणि पुन्हा खुंटीला अडकवल्या.

ड्रायव्हर पुढे झाला, "आजोबा, साहेब हायेत ते. तुमचीच जागा राखायचा कागद घेऊन आल्यात."

"असू द्या की," हवालदार म्हणाले.

माझ्या खिशात हुकूम होता. मी म्हातारबांना बाजूला व्हायला सांगू शकत होतो. किंवा बाहेरूनच बघून रकान्यात "होय" लिहू शकत होतो, कुणाला कळलं असतं? पेन उघडून मी रेघेअलीकडे एका दगडावर बसलो. उघड्या दारातून आतली फरशी दिसत होती. मी लिहिलं: "आतून तपासले नाही. राखणदाराने प्रवेश दिला नाही. त्याचे कारण योग्य आहे." ही फाईल दोनदा शेरे होऊन परत आली, मला लेखी खुलासा द्यावा लागला, वरचे लोक हसले. मी तीनदा तेच वाक्य लिहिलं. शेवटी मंजुरी आली.

त्या दिवशी मी उठलो तेव्हा हवालदार वही घेऊन बसले होते. कागद डोळ्यांशी नेऊन पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि वही माझ्याकडे वळवली. "एक सायेब आले. रेघेपाशी थांबले." नोकरीत मला बरेच शेरे मिळाले, बरे आणि वाईट. पाठ राहिला आहे तो हा एवढाच.

फलक लागायच्या आधीच हवालदार गेले. फलक लागला त्या दिवशी मी गेलो होतो. त्यावर तोफेचं वजन आहे, पल्ला आहे, हवालदारांबद्दल काही नाही. ते घालावं म्हणून मी लिहिलं होतं, पण ते मंजूर झालं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. मावशी पुतण्याकडे मुठ्याला न जाता झोपडीतच राहिली होती. आलेल्या मंडळींकडून तिने काडेपेट्या काढून घेतल्या, सगळ्यांना सपाता दिल्या. ज्या पाण्यात तिचं माहेर गेलं ते पाणी खाली लख्ख दिसत होतं. मंडळी आत गेली. मी बाहेर उभा होतो.

ती माझ्यापाशी आली. हातात सपातांचा एक जोड होता.

"आता जावा की आत. त्ये न्हाईत आता."

"जाताना काही बोलले होते का माझ्याबद्दल? आत येऊ दे म्हणून?"

तिने आठवून पाहिलं. खोटं बोलणं तिला सहज शक्य होतं.

"न्हाई," ती म्हणाली.

"मग राहू दे, मावशी."

तिने सपाता खुंटीला अडकवल्या आणि माझ्यासाठी चहा टाकायला झोपडीकडे गेली. मंडळी बाहेर येईपर्यंत मी रेघेपाशी थांबलो.